मागच्या सीटवरची काच

बाबांनी तिसरी गाडीही नापास केली, तेव्हा जुन्या गाड्यांच्या दलालाने कपाळाला हात लावला. त्याचा सगळा जन्म या धंद्यात गेला होता. बॉनेट उघडून उगाच मान डोलावणारी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती, टायरला लाथ मारून शहाणपण दाखवणारी पाहिली होती. पण मांडीवर काच घेऊन मागच्या सीटवर बसणारं गिऱ्हाईक त्याच्या नशिबी पहिल्यांदाच आलं होतं.

"काका, अहो लोण्यासारखी चालते ही गाडी," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"चालत असेल," बाबा म्हणाले, "पण काच वाजली."

आणि काच वाजली म्हटल्यावर त्या घरात पुढे अपील नव्हतं.

त्याचं असं होतं. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. काच दुकानातून गिऱ्हाइकाच्या घरी न्यायची म्हणजे ती आडवी टाकायची नाही, उभी धरायची, दोन्ही तळव्यांनी, अगदी हलक्या हाताने. गाडी दणके द्यायला लागली की काच हातातल्या हातात किणकिणते. ती किणकिणली की ड्रायव्हरला शिव्या घालायच्या, हा बाबांच्या धंद्याचा पहिला धडा. पुढे एकदा शिडीवरून पडून त्यांची पाठ कामातून गेली. डॉक्टरने सांगितलं, व्यायामाला आठवड्यातून एकदा दवाखान्यात आणा, पण बसचे धक्के बंद. म्हणून मुलाने आणि सुनेने पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांत एक जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. नवी परवडण्यासारखी नव्हती. रंग कसाही चालेल, काचा हाताने खालीवर करायच्या असल्या तरी चालेल, पण बसायला ऐसपैस आणि चालायला मऊ पाहिजे, एवढीच अट.

मऊ आहे की नाही हे ठरवायचं कोणी? बाबांनी माळ्यावरून खिडकीच्या तावदानाएवढी एक जुनी काच खाली काढवून घेतली, तिच्या कडा घासून घेतल्या आणि जाहीर केलं, "ही ठरवेल. ही गप्प राहिली तर माझी पाठही गप्प राहील." घरात सगळ्यांना हे पटलं. पटणारच, कारण काचेच्या बाबतीत बाबांचा शब्द कोणी कधी खाली पडू दिला नव्हता.

आता खरं सांगायचं तर पहिली पांढरी गाडी खरोखरच टणक होती. खड्डा आला की मुलगा, सून, नात आणि बाबा, चौघंही सीटवरून वर उडत आणि काच तर ठणाणा करत होती. दुसरी निळी गाडी मात्र बरी होती आणि तिसरी चांगली होती. त्या दोन्ही गाड्यांत काच वाजली ती बाबांच्या उजव्या हातातल्या जाड चांदीच्या अंगठीमुळे. अंगठीचा उंचवटा तळहाताकडे वळवायचा, बोट जरासं सैल सोडायचं, आणि रस्ता थोडा खराब दिसला की हळूच, टिंग. चेहरा असा साळसूद, की बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याला त्रास होतोय.

ही लबाडी कशासाठी? बाबांना गाडी नको होती असं नाही. त्यांना गाडी बघायला जाणं हवं होतं.

मुलगा पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला, सून औषधांच्या दुकानात सकाळपासून, नात कॉलेजात आणि घरी आली की कानात इअरफोन. घरात चार माणसं, पण जेवायची चार वेगवेगळ्या वेळी. टेबलावर झाकून ठेवलेलं ताट हीच काय ती एकमेकांची भेट. बाबा दिवसभर भिंतीकडे बघत पाठीला शेक देत बसायचे. आणि मग सुरू झाले हे गाडी बघायचे रविवार. दलालाला काच बघूनच धडकी भरायची, तो मुलाची स्कूटर तारण ठेवून घ्यायचा आणि किल्ली देऊन मोकळा व्हायचा. मग चौघं एका डब्यात बंद. उठून कोणी जाणार कुठे? मुलगा गिअर टाकताना चुकायचा, सून त्याला ओरडायची, नात मागून दोघांची नक्कल करायची. निळ्या गाडीत मुलाने कारखान्यात कणकेच्या परातीत चप्पल पडली तेव्हाची गोष्ट सांगितली, आणि हसून हसून सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं. हा मुलगा इतका बोलतो हे बाबा विसरूनच गेले होते. त्या तासाभरात बाबा सुखात असायचे. गाडी पसंत पडली की हे सगळं संपणार. म्हणून टिंग.

पण चौथ्या गाडीच्या वेळी मुलाने निर्वाणीचं सांगितलं.

"बाबा, आज शेवटची. माझी सुट्टी दर आठवड्याला यातच जाते. ही नाही जमली तर गाडीचा नाद सोडू. टॅक्सी करू दवाखान्यापुरती."

बाबा कचाट्यात सापडले. हो म्हणावं तरी रविवार संपले, नाही म्हणावं तरी संपले. त्यांनी मनाशी ठरवलं की आज अर्धवट वाजवायची. म्हणजे पक्कं नाही, पण शंका येईल इतपत. मग म्हणायचं, पुढच्या रविवारी दुसऱ्या रस्त्यावर एकदा बघू. युक्ती नामी होती.

चौथी गाडी जुनी, लांबलचक, विटकरी रंगाची. एका पेन्शनर नवराबायकोची होती म्हणे. तिचा रंग ठिकठिकाणी उडाला होता आणि रेडिओ मेला होता. पण टायर चांगले जाडजूड, सीट खोल आणि मऊ. बाबा बसले तशी त्यांची पाठ सीटने अलगद झेलली. सून शेजारी बसली, नात पुढे. गाडी निघाली. रेल्वेचं फाटक आलं, गाडी रुळांवरून गेली, आणि काच गप्प. खाणीकडचा उखडलेला रस्ता आला. बाबांनी अंगठी वळवली, एकदा टिंग केलं. सुनेने मान वळवून पाहिलं. दुसऱ्यांदा टिंग करायचं होतं, पण पुढे मुलगा आणि नात हळू आवाजात कशावरून तरी वाद घालत होते, खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं, पाठ दुखत नव्हती. पाठ दुखत नाहीये हे लक्षात येईपर्यंत बाबांचे डोळे मिटले.

ते जागे झाले तेव्हा काच मांडीवरच होती, सुनेने ती वरून एका बोटाने धरली होती. तिघंही त्यांच्याकडे बघत होते. आता काहीतरी बोलायला हवं, असं बाबांना वाटलं. सवयीने बोट हललं.

टिंग.

"ऐकलंत?" बाबा गंभीरपणे म्हणाले. "वाजली."

नात म्हणाली, "आजोबा, गाडी उभी आहे."

बाबांनी बाहेर पाहिलं. दलालाचं आवार, दलालाची खुर्ची, खुर्चीत दलाल.

"केव्हापासून?"

"बराच वेळ झाला," सून म्हणाली. "तुम्ही घोरत होता तेव्हा खाणीचा रस्ता आम्ही दोनदा फिरलो. काचेने हूं की चूं केलं नाही. वाजते ती तुम्ही जागे असता तेव्हाच." औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचणारी बाई ती, तिच्या नजरेतून अंगठी सुटली असती तरच नवल.

मुलाचा चेहरा उतरला. "तुमच्या पाठीसाठी आम्ही जिवाचं रान करतोय, बाबा. आणि तुम्ही आमची मजा बघताय?"

"मजा नाही रे," बाबा म्हणाले. "गाडी घेतली की तुम्ही सगळे पुन्हा आपापल्या वाटेला. मग मी आणि झाकलेली ताटं. म्हटलं, अजून थोडे रविवार मिळाले तर बघावे."

मुलगा उतरला आणि दलालाकडे गेला. विटकरी गाडीचा व्यवहार झाला. दलालाने काचेकडे बघून दोन्ही हात जोडले. घरी परतताना नातीने पुन्हा कानात इअरफोन घातले, आणि एवढ्या मऊ गाडीत बसूनही बाबांना प्रत्येक खड्डा लागला.

तो आठवडा कसाबसा गेला. दवाखान्यात जाऊन आले, पाठीला काही झालं नाही. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, छान सुधारणा आहे. बाबा नुसते हो म्हणाले. रविवारी त्यांनी बाहेर जायचे कपडे कपाटातून काढलेच नाहीत. काच त्यांनीच पुन्हा माळ्यावर ठेवायला लावली होती, तिकडे बघायचीही हिंमत नव्हती.

दुपारी सून दारात येऊन उभी राहिली. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली काच.

"चला बाबा, कपडे बदला. गाडीत कुठेतरी आवाज येतोय."

"आवाज? त्या गाडीत?" बाबांना पटेना. "छे, काहीतरीच."

"येतोय म्हणते ना. चला लवकर, सगळे खाली खोळंबलेत."

खाली खरंच सगळे होते. नात पुढच्या सीटवर, कानात काही नाही. मुलाने बाबांकडे न बघताच मागचं दार उघडून धरलं. बाबांनी सवयीने काचेसाठी हात पुढे केला, तर सून म्हणाली, "राहू द्या, आज मी धरते. तुम्ही नुसतं ऐका."

गाडी निघाली. नवा डांबरी रस्ता, ओट्यासारखा सपाट. बाबा कान देऊन बसले. इंजिन छान, चाकं छान.

टिंग.

बाबांनी मान वळवली. सुनेने काच अगदी रीतसर धरली होती, उभी, हलक्या हाताने. तिच्या बोटातल्या अंगठीचा खडा तळहाताकडे वळवलेला होता. नजर समोर, चेहरा असा साळसूद की काय सांगावं.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "वाजतेय."

मुलाने आरशातून मागे पाहिलं. ओठ दाबून धरले होते त्याने, पण डोळ्यांतलं हसू लपत नव्हतं. "काय बाबा? काचेतलं तुम्हाला जास्त कळतं. तुमचं काय मत?"

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"वाजतेय खरी," ते शेवटी म्हणाले. "पण दोष कुठे आहे ते एका फेरीत नाही कळायचं. दर रविवारी बघावं लागेल."

"मग लांबच्या रस्त्याने घेऊ का?" मुलाने विचारलं.

"घे," बाबा म्हणाले, "आणि ती कणकेच्या परातीची गोष्ट पुन्हा सांग."