डोलकाठीखालचे केस

पांझरेला गुडघाभर पाणी चढलं, की पूल ओलांडून धुळ्यात जायचं आमचे हे टाळतात. देवपुरातच बसून राहतात. पण गेल्या आठवड्यापासून ते समुद्राचे जाणकार झालेत.

निमित्त मेघाचं. माझ्या दिराची, सुकदेवची मुलगी. तिला जपानी कंपनीच्या मालवाहू जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचं होतं. पण थोरल्या भावाने, म्हणजे ह्यांनी, हो म्हटल्याशिवाय सुकदेव घरात कुकरसुद्धा आणत नाही. म्हणून संध्याकाळी सगळे आमच्या ओट्यावर जमले.

ह्यांनी मोबाइलवर अख्खा जपान पिऊन टाकला होता. "जपानी होडीमा देवी राहस, फुनादामा. ती स्वतः बाई शे. दुसरी बाई चढनी का तिना जीव जळस. मंग वादळ! तठला कोळी बाईले एकली नावमा चढू देतस नई."

"आबा, ते जुन्या लाकडी नावांचं," मेघा म्हणाली. "आता तिथे बायकाही जहाज चालवतात."

"परंपरा ती परंपरा!" हे कडाडले. घरच्या देवाला कधी दिवा लावला नाही, जपानच्या देवीची मात्र केवढी काळजी.

सुकदेवने मान खाली घातली. पोरीचं तोंड उतरलं.

तेवढ्यावर थांबले तर ते आमचे हे कसले! "डोलकाठीना बुंधाले खाच करीसन देवीनं बठ्ठं सामान आत ठेवतस. बाहुल्या, फासा, बाईना केस."

"कोना केस?" मी विचारलं.

"बाईना. नाववालानी बायकोना. त्याबिगर नाव दर्यामा जात नई."

"म्हंजे बाईना केस चालतस, आन् बाई चालत नई?"

कोणीतरी फिसकन हसलं. बघते तर सुकदेव. जन्मात कधी भावासमोर हसला नव्हता.

"भाऊ," तो उठत म्हणाला, "सकाळी गाडीवर मीच सोडस तिले."

ह्यांना एकदम खोकला आला. बराच वेळ आला.

सकाळी मेघा पाया पडायला आली, तेव्हा मी वेणीचं टोक कापलं, कागदात गुंडाळलं आणि तिच्या बॅगेत टाकलं. "मी काही या जन्ममा समुद्र पाहत नई. हाई तरी ली जाय."

पोरगी गळ्यात पडून रडली. मीही रडले.

"अवं, नवरा जित्ता शे ना!" हे किंचाळले. "केस कसाले काप्या?"

"तुम्हीच सांगं व्हतं ना," मी डोळे पुसत म्हणाले. "परंपरा शे."