मान हलली नाही

…टाचणीच होती ती, निळ्या डोक्याची. लेकीच्या, मधुवंतीच्या ओढणीच्या घडीत रुतून बसलेली; सुलभाच्या अंगठ्याला टोचली तेव्हा कळली. 'आई गं' ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, कारण आंघोळ झाली होती. चातुर्मासाचा नेम — आंघोळीपासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन.

अशाच टाचण्यांनी मधूनं मागच्या पावसाळ्यात कॉलेजच्या भित्तिपत्रकावर तो लेख लावला होता — बीटी कपाशीचं बियाणं दुकानात 'संपलं' म्हणतात आणि मागच्या दारानं दुप्पट भावात विकतात, असा. मग बियाण्याचे शेठ घरी आले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं… त्यांनी चहा घेतला, कपबशी हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे, वहिनी. सांभाळा."

तेव्हापासून मधूला यायला जरा उशीर झाला, की सुलभाच्या हातातली माळ थांबते.

आणि आता तर… पावसानं ओढ दिलेली, दुबार पेरणीसाठी कपाशीच्या बियाण्याला रांगा लागलेल्या, आणि परवा दिवेलागणीला शेठच्या माणसानं बियाण्याची दोन खोकी घरी आणून टाकली. नवरा, रमाकांत, पंचायत समितीत क्लार्क. "दुकान तपासणार आहेत म्हणे. सरकारी माणसाचं घर, इथं कोण बघतंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "नाही म्हणून बघ त्यांना. गडचिरोलीला बदली झाली की मग कळेल." खोकी देवघराच्या ओट्याखाली सरकवली, वरून तिचंच सोवळ्याचं लुगडं टाकलं. काल दुकान तपासलं. काही सापडलं नाही. देवाच्या ओट्याखाली कुणी हात घालत नाही, मधूसुद्धा नाही. वर बालाजी, खाली ते. दोन दिवस ती निरांजन लावते आणि खाली बघत नाही.

"आई."

मधू समोर येऊन बसली, खांद्याला पिशवी. बारावी झाली आणि घरात दोनच नावं चालली होती. जालन्याचं कॉलेज — रोज बसनं जा, संध्याकाळी घरी. आणि औरंगाबादचं ते — तिथं मुलंमुली स्वतःचं पाक्षिक काढतात, मोठी मुलं नव्यांना सोबत नेतात, कुणाला काय विचारायचं, कुणी सांगितलेलं कसं पडताळायचं ते शिकवतात… सांगताना पोरीचा घास हातातच राहायचा. रमाकांत 'जालना' म्हणाला होता. मग म्हणाला, आईला विचार, ती म्हणेल तसं. त्याला ठाऊक होतं, ही घाबरणार.

"प्रवेशाची आज शेवटची तारीख आहे. फलकचे अब्बा औरंगाबादला चाललेत, त्यांच्यासोबत जाते. तू मौनात आहेस, बोलू नकोस. नाही असेल तर मान हलव. नाही हलवलीस तर हो समजते. भाजीत मीठ हवं का, हे असंच तर विचारते मी तुला."

दारातून तिची मैत्रीण फलक ओरडली, "काकू, जल्दी करा हो! अब्बा स्टँडवर वाट पाहून राह्यले. अन् हिले पाठवाच तुम्ही. इथं राह्यली तर माहा रिझल्टबी भितीवर टाचून देईन हे!"

"तुझा रिझल्ट बातमी नाही बे, दुर्घटना आहे," मधू म्हणाली. हसली, पण डोळे आईच्या मानेवरच.

एवढीशी मान. हलवली तर पोर इथंच राहील, या घरात, या ओट्यासमोर — कधीतरी झाडताना वाकेल. नाही हलवली तर तिकडं जाईल, विचारायला शिकेल, आणि परत येईल… दोन्हीकडून ते लुगडं उचललंच जात होतं. जाऊ दे लांब. निदान आज तरी लांब. मान हलली नाही.

मधू पटकन वाकली, पायांना हात लावला. आशीर्वादच समजली ती. माझ्या भीतीला आशीर्वाद समजली.

उंबऱ्यात वळून म्हणाली, "तिथं नमुन्याचा लेख मागतात. मी बियाण्याचाच देणार, पुढचा भाग. काल दुकानात माल सापडला नाही ना? मग गेला कुठं? दिवाळीच्या सुट्टीत आले की शोधतेच."

गेली. हाक मारता आली असती. नेम मोडला तर एक उपास जास्तीचा, त्यापेक्षा काय? पण तिनं नैवेद्याचं ताट पुढं ओढलं. देवा, मी नेमानं गप्प बसले की… तुला तरी कळलं का?

नैवेद्याभोवती पाणी फिरवलं. मौन सुटलं. रोज पहिला शब्द 'गोविंदा'. आज तोंड उघडलं आणि रिकाम्या घरात तिचाच आवाज तिला परका ऐकू आला:

"मधू, ते ना, आपल्याच…"

ती दचकली. दाराकडे बघितलं, कुणी नव्हतं. पुढचे शब्द भीतीनं येईनात. आणि हे एवढे निघून गेलेले, ते आता काही केल्या परत आत जाईनात.