सतरा मेची तारीख

भक्तीच्या लग्नाला गावचा हॉल हवा होता तो सतरा मेलाच. होणारे भावोजी जहाजावर नोकरीला. वीसला त्यांना हजर व्हायचं होतं आणि त्याआधी मुहूर्त तेवढा एकच. दोनदा पुढे ढकललेलं लग्न. कसाल भागातल्या सगळ्या हॉलांच्या बुकिंगची वेबसाइट मात्र माझी, नवरीच्या भावाची. दिव्याखाली अंधार तो हाच.

सोमवारी नऊला मेच्या तारखा खुल्या केल्या आणि साडेनऊला साइट बसली. ज्याला त्याला एकच संदेश: डेटाबेसकडून वेळेत उत्तर आलं नाही. हॉलवाले फोनवरून माझा उद्धार करत होते. आधी मी इंटरनेटला शिव्या घातल्या. मग डेटाबेसची कनेक्शनं तपासली. मर्यादा वीसची, वीसही अडकलेली आणि काम एकही करत नव्हतं. सगळ्यांनी तारीख निवडलेली, 'पक्की करा' कोणीच दाबलेलं नाही.

अडकलेल्यांच्या यादीतल्या पहिल्या नंबरावर फोन लावला. सुदेश म्हणून गृहस्थ निघाले.

"तारीख निवडलात, मगे पक्की कित्याक नाय केलात?"

"देवळात आसंय. देवाक कौल लावलो आसा. तेना होय म्हटल्याशिवाय पक्की कशी करू? तारीख जाव नये म्हणान पान उघडा ठेवलंय."

मी कपाळावर हात मारला. तारीख पक्की होईपर्यंत कनेक्शन धरून ठेवायचं, हे मीच लिहिलेलं. परक्या माणसाने लिहिलं असतं तर समजू शकलो असतो. देवाला लावलेली उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. पण ती पडणार कधी, ते इथे जन्मलेल्या मला कळायला नको? स्वतःचाच भयंकर राग आला.

पाच मिनिटांत पक्की न झालेली तारीख सोडून द्यायची, असा बदल केला आणि वीसही कनेक्शनं तोडली. साइट धावू लागली. मी घाईघाईने आमच्या गावच्या हॉलची सतरा मे उघडली. मिनिटभरापूर्वीच ती कुणा आकांक्षाच्या नावावर पक्की झाली होती.

तेवढ्यात आई देवळातून आली, हातात मोबाईल.

"समर्था, रे झिला, उजवो कौल! सतरा तारीख सकाळीच निवडून ठेवलंय. कौल मिळापर्यंत बोलूचा नाय, म्हणान तुका सांगूक नाय."

तिने बटण दाबलं. तारीख गेलेली.

"साईट तुझीच मां? मगे बदल नाव."

एका ओळीचं काम होतं. हात शिवशिवले, पण केलं नाही.

"आये, तुझी तारीख मीच सोडलंय. आता ती त्यांची."

आईने मोबाईल बंद केला.

"देवान उजवो दिल्यान," ती म्हणाली, "आणि माझ्या झिलान डावो."