बर्फात घातलेलं मीठ

बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीत दोन धंदे थंडीवर चालतात. एक आमचा, लशींचा; दुसरा शेजारच्या दत्तोबांचा, पॉट आइस्क्रीमचा. लग्नाला, बारशाला त्यांचं आइस्क्रीम जातं, आणि बारसं झालेली तीच बाळं पुढे ज्या दवाखान्यांत नेतात तिथे आमच्या लशी जातात. दत्तोबा म्हणतात, "भाभी, गिऱ्हाईक एकच हाय. आधी मी गोड करतो, मग तुमी टोचता."

आमच्या ह्यांनी हा धंदा सुरू केला तेव्हा ते कॅम्पातून थर्मासमध्ये लशी घालून सायकलवरून आणायचे. लस विकत घ्यायची असते हे लोकांना तेव्हा पटायचं नाही. पालिकेच्या दवाखान्यात फुकट टोचतात, मग पैसे कशाला? आता आया फोनवर वाचून येतात. कुठल्या कंपनीची, ताप न येणारी आहे का, परदेशी आहे का, सगळं विचारतात. पुण्यात बनलेल्या लशी साऱ्या जगात जातात, तरी आपल्या बाळाला परदेशीच हवी असं म्हणणाऱ्या मी याच गल्लीत पाहिल्या आहेत.

बाजार वाढला तशी आमची जागा मात्र आक्रसत गेली. मोठी हॉस्पिटलं थेट कंपनीकडून माल घेतात. उरलेल्या दवाखान्यांमागे आमच्यासारखाच लशी पोचवणारी खराडीची एक मोठी कंपनी लागली आहे. त्यांचं सगळं फोनवर चालतं. माझ्या मुलाकडे, नियाजकडे, लहान लहान दवाखाने राहिले आणि एक मोठं गिऱ्हाईक, वारज्याच्या शेफाली डॉक्टर. त्या होत्या म्हणून आमचं शटर वर जात होतं.

गेल्या मे महिन्यात त्यांनी रविवारी एका सोसायटीत लसीकरण ठेवलं होतं. त्याचा सगळा माल आमच्याकडे आला होता. शुक्रवारी रस्ता खोदणाऱ्यांनी विजेची केबल तोडली. हाच रस्ता आधी पाण्याच्या पाइपासाठी खोदला होता, मग गटारासाठी. आता कशासाठी ते खोदणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. दुपारपर्यंत इन्व्हर्टरने मान टाकली. भाड्याने जनरेटर देणारा कुठल्याशा लग्नात अडकला होता. नियाज माल पोचवायला सासवडकडे गेलेला. फोनवर एकच सांगत होता, "फ्रिजचं दार उघडू नका, मी येतोय." आणि येताना कात्रजला अडकला होता.

माझी सून जरीना फ्रिजवरच्या आकड्याकडे बघत उभी होती. आकडा चढायला लागला तेव्हा दत्तोबा आपलं लाकडी पिंप घेऊन आले, बर्फाने भरलेलं.

"काका, बर्फ खोक्यांना लागता कामा नये," जरीना म्हणाली.

"आगं मग टावेल गुंडाळ की. म्या काय कालचा हाय का?"

तिने खोकी टॉवेलांत गुंडाळून पिंपात ठेवली. त्या वेळी तेच शहाणपणाचं होतं. मग ती कोपऱ्यावर वायरमनशी बोलायला धावली. मी वर नमाजला गेले होते. खाली दत्तोबा एकटेच राखणीला बसले.

बर्फ सुटायला लागला, आणि उभ्या जन्मात त्यांचा हात जे करत आला तेच त्याने केलं. त्यांनी बर्फावर ओंजळी ओंजळीने खडेमीठ घातलं आणि वर पोतं दाबलं. मीठ घातलं की बर्फ असा काही थंड होतो की दुधाचा दगड होतो. त्यांचा सगळा धंदा त्या मिठावर उभा आहे.

मी खाली आले तेव्हा ते उपरण्याने घाम पुसत होते. "भाभी, काळजी सोडा. दगड झालंय, दगड!"

दारात उभ्या जरीनाने ते ऐकलं. ती पिंपाजवळ बसली, एक खोकं उघडून बाटली उजेडात धरली. तिचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली एवढंच, "काका, चहा घेता?"

संध्याकाळी वीज आली, मागोमाग नियाज आला. दत्तोबा खुशीत घरी गेल्यावर जरीनाने त्याला सगळं सांगितलं. काही लशी उन्हाने मरतात, काही गोठल्याने. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस गोठली की संपली. आणि संपली हे वरून ओळखू येत नाही. तासाभराने बाटल्या वितळल्या, पहिल्यासारख्याच पांढरट दिसू लागल्या. तापमानाची नोंद फ्रिजमध्ये होते; तिथे आकडा थोडा चढून उतरला होता, चालण्यासारखा. पिंपात काय झालं ते आम्हा तिघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात शेफाली डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला. माल उद्या सकाळी पोचतोय ना? नियाज म्हणाला, "थोड्या वेळात सांगतो."

जरीनाने दोन बाटल्या हलवून टेबलावर ठेवल्या, एक कोपऱ्यातल्या जुन्या मालातली, जी फ्रिजमध्येच राहिली होती, आणि एक पिंपातली. पिंपातल्या बाटलीतला पांढरा गाळ बघता बघता खाली बसला; फ्रिजमधली तशीच दुधाळ राहिली.

"वरच्या खोक्यांना कदाचित लागलं नसेल," नियाज म्हणाला.

"कदाचित. कुठली वरची, तेवढं सांगा."

"हिने कुणाला अपाय तर होत नाही."

"अपाय होत नाही. उपयोगही होत नाही."

तो स्टुलावर बसला. "मोठं गिऱ्हाईक गेलं तर आपण संपलो, जरीना. वर्षभरही टिकणार नाही." मग माझ्याकडे वळला. "अम्मी, तुम्ही तरी बोला."

माझा धाकटा भाऊ बिलाल जन्मभर काठी घेऊन चालला हे नियाजने पाहिलं होतं. त्यामागची गोष्ट त्याला माहीत नव्हती; ती मी आता सांगितली. बिलालला पोलिओचा डोस पाजला होता. पाजणाऱ्यांनी बजावलं होतं, अर्धा तास दूध द्यायचं नाही. टांग्यात तो रडरड रडला आणि आमच्या आईने त्याला पदराखाली घेतलं. पुढच्या पावसाळ्यात त्याचा पाय गेला. आई मरेपर्यंत म्हणायची, मी दूध पाजलं म्हणून झालं. पुढे माझं लग्न या धंद्यात झालं, तेव्हा ह्यांनी सांगितलं, त्या काळात किती डोस वाटेतच उन्हाने मरायचे. दुधाचा काही संबंध नसावा. मी ते सांगायला माहेरी गेले, तर आई म्हणाली, "तू माझं मन राखायला सांगतेस."

"डोस देणारे घरी गेले, बेटा," मी नियाजला म्हटलं. "आईच गुन्हेगार राहिली."

त्याने फोन उचलला. डॉक्टरांना काहीही न लपवता सांगितलं. पलीकडून आवाज आला, "सगळा माल?" मग, "बरं. मी खराडीवाल्यांना सांगते." आणि फोन बंद.

"गेलं," नियाज म्हणाला.

"जाऊ दे, असं मी म्हणणार नाही," जरीना म्हणाली. "पण जेवून घ्या."

सकाळी खोकी नष्ट करायला नेणारी गाडी यायची होती. आम्ही ती दाराशी रचत होतो तोच दत्तोबा आले. "निघाला का माल वारज्याला?"

नियाजने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही काका. तापला होता. फेकावा लागणार."

दत्तोबांचा चेहरा पडला. "माझा बर्फ कमी पडला म्हण की. तरी बक्कळ मीठ घातलं हुतं, बाबा. फुडच्या बारीला दुप्पट घालतो."

रस्ता पुढच्या उन्हाळ्यातही खोदणार होतेच. नियाजने उसासा टाकला आणि त्यांना खुर्ची दिली.

"काका, तापला नाही. गोठला."

जरीनाने त्यांच्यासमोर पुन्हा दोन बाटल्या हलवून ठेवल्या. दत्तोबा वाकून बघत राहिले. "फाटलं की हे," ते हळूच म्हणाले. "दुधाचं व्हतं तसं. मग काय केलं तरी मिळून येत न्हाय."

"नाही येत."

"मंग काल का न्हाय सांगितलंस?"

"सांगणार होतो."

"कवा? माझ्या तेराव्याला?" ते उठले. "चल. डाक्टरीणबाईला म्या सांगतो, मीठ म्या घातलं."

"नको काका. आत्ता नुसतं गिऱ्हाईक गेलंय. तुम्ही आलात तर वारज्यात पायही ठेवता येणार नाही."

दत्तोबा हसले नाहीत. गाडी आली तशी त्यांनी नियाजच्या हातातलं खोकं काढून घेतलं. मग दुसरं. एकेक खोकं दोन्ही हातांनी, छातीशी धरून, पायरी बघत ते गाडीत ठेवत राहिले. नियाज मदतीला गेला तर त्याला कोपराने बाजूला सारलं.

"काका, एवढं जपून कशाला?" तो म्हणाला. "आता फेकायचंच आहे."

"असू दे," दत्तोबा म्हणाले, आणि पुढच्या खोक्यासाठी वळले.