दगडावरचं शून्य

त्या वर्षी भरवेलीच्या खाण कॉलनीत इन्कम टॅक्सचा रिफंड घरोघरी पाहुण्यासारखा येऊन गेला. सुखरामकडे दसऱ्याच्या आधी आला, महागूकडे दिवाळीत. ज्याच्याकडे आला त्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांना भजी खाऊ घातली. घनश्याम रामटेकेने सगळ्यांची भजी खाल्ली, पण त्याच्या खात्यात काही पैसे उतरेनात.

घनश्याम मँगनीजच्या खाणीत ड्रिल मशीनवर होता. पगारातून टॅक्स कापला जायचा, आणि तो परत मिळू शकतो हे त्याला यंदापर्यंत ठाऊकच नव्हतं. मग प्रेमलाल उगवला. पगाराच्या दिवशी हा गडी लॅपटॉप घेऊन टपरीवर बसायचा, एकेकाचं रिटर्न भरायचा आणि आलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा घ्यायचा. तो पैसे कसे आणतो, हे कोणी विचारलं नाही. धर्माची गाय, तिचे दात कोण मोजतो? आधार मागितलं, दिलं. ओटीपी मागितला, सांगितला. मुलीचंही आधार मागितलं, तेव्हा कॉलेजच्या फीसाठी लागत असेल असं समजून घनश्यामने तेही दिलं.

इथवर ठीक होतं. खरा घोटाळा झाला तो भिक्खूंचा वर्षावास संपला त्या आश्विन पौर्णिमेला. विहाराच्या नव्या शेडला फरशी घालायची म्हणून दान बोललं जात होतं. सुखरामने उभं राहून अकरा हजार सांगितले. घनश्यामच्या अंगात काय शिरलं कोण जाणे! तोही उठला आणि यायच्या रिफंडच्या भरवशावर एकवीस हजार बोलून बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण वाढणाऱ्याला तेव्हा ते कळत नाही.

रोख हातात पडल्याशिवाय देणगीदारांच्या दगडावर नाव कोरायचं नाही, असा विहाराचा रिवाज. पण कोरणारा गोंदियाहून एकदाच येणार होता, आणि कमिटीचे सचिव मोतीलाल गुरुजी म्हणाले, "घनश्यामचा शब्द म्हंजे रोकडा." झालं. काळ्या दगडावर पहिल्याच ओळीत कोरलं गेलं: घनश्याम रामटेके, रु. २१०००. दगड विहाराच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तो भिंतीत बसायचा होता.

डिसेंबर लागला तसा घनश्याम रोज संध्याकाळी मुलीपुढे मोबाईल धरू लागला. आम्रपाली बी.एस्सी.ला होती; रोज सायकल हाणत बालाघाटला जायची, यायची. तिने रिफंडची स्थिती उघडून पाहिली.

"बाबा, रिटर्न व्हेरिफाय झालं हाय. बँकेचं खातं पन बरोबर हाय. तरी प्रोसेसिंगच दाखवून राह्यलं."

"मंग अडलं कुठी?"

"टाईम लागते कधी कधी. कोनाले दोन-तीन हप्त्यात येते, कोनाले महिने लागते. कायद्यानं टॅक्सवाल्याइकडे पुढच्या डिसेंबरपर्यंत मुदत हाय."

"पुढच्या?" दगड तर याच महिन्यात बसणार होता.

"काही मेसेज आलता का तुमाले?"

"आलता एक. इंग्रजीत. प्रेमलालले दाखवला, त म्हने फ्रॉड हाय, डिलीट करा. केला."

आम्रपालीने कपाळाला हात लावला. "काय लिहलं होतं, ते त पाहाचं होतं. आता त्यालेच जाऊन विचारा."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर घनश्याम बालाघाटला प्रेमलालच्या दुकानात जाऊन धडकला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. प्रेमलालने शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हाच याच्या मनात पाल चुकचुकली.

"काका, घबराने का नहीं. वो मेसेज असली था. मेरे पास मेल भी आया है."

"मंग त्या दिवशी तू फ्रॉड काहून म्हनला?"

"चार लोग बैठे थे, उनके सामने क्या बोलता? देखो, रिफंड रुका है, गया नहीं है. वो बोल रहे हैं कि जो छूट ली है वो जाँच लो, गलत हो तो इकतीस दिसंबर तक सुधार दो. हमको सुधारना नहीं है. बस एक सर्टिफिकेट बनवाके रखना है. बिटिया का."

"कायचं सर्टिफिकेट?"

प्रेमलालने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "विकलांग आश्रित. अस्सी टक्के से ऊपर. तभी तो इतना बड़ा रिफंड बना, काका."

घनश्यामला आधी कळेचना. "विकलांग कोन?"

"आम्रपाली. आपने ही तो आधार दिया था."

"पोरगी रोज सायकल चालवते!" तो ओरडला.

"कागज की बात है. कागज पे लिखने से किसी का पैर टूटता है क्या?" प्रेमलालचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "एक आदमी है, सर्टिफिकेट बना देगा. आप फोटो ले आओ. कुर्सी पे बिठाके, पैर पे चादर डालके. बस."

"आन नाही आनला त?"

"तो सुधार दो. पूरा रिफंड गया समझो. और एक का खुला तो सबका खुलेगा. सुखराम काका, महागू काका, सबका. कल उन्हीं के साथ खान में उतरना है ना आपको?"

घनश्याम बाहेर पडला. खरं तर तिथल्या तिथे प्रेमलालच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण माणूस अडचणीत सापडला की त्याचा हात आधी खिशाकडे जातो, मग गालाकडे. आणि याच्या खिशात काय होतं? सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आणि पोरीची फी गेल्यावर महिन्याचा किराणाच जेमतेम भागायचा.

परतताना विहाराशी गुरुजींनी हात दाखवून मोटारसायकल थांबवली. ते मोठ्या हौसेने त्याला आत घेऊन गेले आणि दगडावरचा कागद बाजूला केला. "पाहा, काय सुंदर अक्षर काढलं! टाईलवाल्याले मी सांगून ठेवलं हाय, घनश्याम बोलला म्हंजे बोलला. पैसे येऊन राह्यले ना, बापू?"

"हौ, गुरुजी," घनश्याम म्हणाला. "येऊन राह्यले."

हे बोलताना त्याने मनात ठरवूनच टाकलं. एक फोटो तर काढायचा. फोटोने कोणाचं काय वाकडं होतं?

घरी आला तेव्हा आम्रपाली नुकतीच सायकल भिंतीला टेकवत होती. सलवारीवर गुडघ्यापर्यंत धूळ. त्याने अंगणात प्लास्टिकची खुर्ची ठेवली.

"आंबू, बस इथी. फोटो काढाचा हाय."

"कायले?"

"कामाचा हाय."

पोरगी खूश झाली. केसांवरून हात फिरवला, ओढणी नीट केली आणि बसली. घनश्यामने घरातून चादर आणली. त्याची बायको कमला चुलीजवळून उठून दारात येऊन उभी राहिली.

"हे पायावर घे."

"थंडी नाही वाजून राह्यली मले."

"घे म्हनतो ना!"

तो पोरीवर असा कधी खेकसला नव्हता. आम्रपालीने चादर पायांवर घेतली. मोबाईलच्या पडद्यावर ती दिसत होती. चेहऱ्यावरचं हसू गेलेलं, कमरेखाली नुसती चादर. चादरीतून एक चप्पल बाहेर डोकावत होती. आम्रपालीच्या ते लक्षात आलं. बापाला फोटो नीट हवाय एवढंच तिला कळलं होतं, म्हणून तिने वाकून आपला पाय आपल्या हाताने आत सारला.

घनश्यामचा अंगठा मोबाईलवर तसाच राहिला. याच पायांना चालायला शिकवताना तो याच अंगणात उलटा उलटा चालला होता. त्याला एकदम रडू फुटलं. तो खालीच बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. प्रेमलाल, सर्टिफिकेट, दगड, सगळं.

आम्रपाली खुर्चीतून उठली. चादर खाली पडली, ती तिने उचलली नाही.

"मले चालता येत नाही, असं लिहून देलं तुमी?"

"मी नाही लिहलं वं पोरी. त्यानं लिहलं."

"ओटीपी कोनं देला?"

खाण कोसळली तरी माणूस बाहेर पडायची वाट शोधतो. इथे वाटच नव्हती. घनश्याम म्हणाला, "दगडावर नाव कोरलं ना, आंबू. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

कमला दारातूनच फाडकन बोलली, "अजी, आग लावा त्या नावाले! माह्या चालत्या पोरीले पांगळं करून विहारात फरशी घालता?"

त्याच संध्याकाळी आम्रपालीने मोबाईलवर सुधारित रिटर्न भरायला घेतलं. ती रागात होती. बापाशी कामापुरतंच बोलत होती. ओटीपी आला तेव्हा घनश्याम सवयीने आकडे सांगू लागला, तर तिने मोबाईल त्याच्या हातात दिला. "आधी वाचा. मंग सांगा." त्याने एकेका ओळीवर बोट ठेवत, अडखळत, सगळं वाचलं. आश्रिताची ओळ गेली होती. रिफंडच्या जागी शून्य होतं. मग त्याने ओटीपी सांगितला.

घनश्यामला वाटलं, सुटलो. कसला सुटतो! सुधारित रिटर्नचा मेल प्रेमलालला गेला आणि दोन दिवसांत बातमी त्याच्याकडून सुखरामच्या कानावर आली. सुखराम त्याचा शेजारी आणि बरोबरचा ड्रिलवाला. खाणीच्या लिफ्टमध्ये, टोपीवरच्या दिव्याचा उजेड घनश्यामच्या तोंडावर मारत तो म्हणाला, "तुह्यापायी आमच्या घरी नोटीस आली ना, त पाहून घेईन."

त्या दिवसापासून खाली कोणी त्याच्याशी बोलेना. डबा खायला तो बसला की बाकीचे उठायचे. महागूला हाक मारली तरी त्याने ओ दिली नाही. जमिनीच्या पोटात, जिथे छतातून खडा पडला तर शेजाऱ्याने "सरक" म्हणून ओरडायचं असतं, तिथे ही माणसं मूग गिळून होती. घनश्यामला खाणीची भीती कधी वाटली नव्हती. आता वाटू लागली. आणि वर रविवार जवळ येत होता.

रविवारी विहार माणसांनी भरून गेला. नव्या फरशीवर पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. वंदना सुरू झाली. पंचशील घनश्यामला लहानपणापासून झोपेतही पाठ होतं. पण खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि तेवढी ओळ त्याने म्हटली नाही. बाजूला बसलेल्या आम्रपालीने त्याच्याकडे पाहिलं.

वंदना संपली. दगडावरून कागद निघाला. गुरुजी नावं वाचायला पुढे झाले तोच घनश्याम उभा राहिला.

"गुरुजी, वाचू नोका. मी खोटं बोललो." तो सभेकडे वळला. "मले जो रिफंड येनार होता, तो माही पोरगी पांगळी हाय असं लिहून मांगला होता. लिहनारा दुसरा, पन डोळे मिटून ओटीपी देनारा मी. आता ते दुरुस्त केलं, रिफंड गेला. तुमाले 'येऊन राह्यले' म्हनलो, तेही खोटं. माह्याजवळ आज एकवीसशे हायत. बाकीचे दर पगाराले जमन तसे देईन. पन देल्याशिवाय एकवीस हजार दगडावर राहू देऊ नोका."

मागे कुजबूज झाली. कोणीतरी हसलंही. गुरुजींचा चेहरा उतरला होता. त्यांनी टाईलवाल्याला आपला शब्द दिला होता. ते चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "कोरलेलं कसं पुसाचं आता?"

घनश्यामने पिशवीतून छन्नी आणि हातोडी काढली. दगड हा त्याचा रोजचा धंदा होता. तो गुडघ्यावर बसला, शेवटच्या शून्यावर छन्नी लावली आणि घाव घालू लागला. सगळा विहार ते ऐकत बसला होता. शून्य फुटलं, त्याची कपची नव्या फरशीवर पडली. दगडावर २१०० उरलं आणि त्याच्या पुढे पांढरा, ओबडधोबड खड्डा. आम्रपाली पुढे आली, तिने कपच्या ओंजळीत गोळा केल्या आणि बापाला हात देऊन उठवलं.

बाहेर लोक चप्पल शोधत होते. घनश्यामशी अजूनही कोणी बोललं नव्हतं. तो मोटारसायकलशी पोचला तेव्हा मागून सुखराम येताना दिसला. आता हा भांडणार, म्हणून घनश्यामने पिशवी खाली ठेवली.

पण सुखरामने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो आम्रपालीपुढे जाऊन उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं, खिशातून मोबाईल काढला आणि हळूच तिच्या हातात दिला.

"बाई," तो म्हणाला, "माह्या घरचं कोन पांगळं केलं त्यानं, पाहून दे बरं."