खोटी घडी

"काकू, पाच मिनिटांत उरकायचंय," निवेदन करणारी तरुण अधिकारी मंचाच्या पायरीवरून वाकून हळूच म्हणाली. "नुसतं घडी घातल्यासारखं करा. फोटो निघाले की झालं."

छत्रीवालीनं ऐकलं. लांबलचक टेबलावर पॅराशूटचं पांढरं कापड पसरलं होतं. ती त्याच्यावरून तळहात फिरवत होती, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

पॅराशूटला इथं छत्री म्हणत, म्हणून तिला या विमानतळावर सगळे छत्रीवालीच म्हणत. ज्या लढाऊ जेटचा आज निरोप समारंभ होता, ते पहिल्यांदा इथं उतरलं, त्याला पन्नास वर्षं झाली होती. ते आलं त्याच वर्षी ती पॅराशूटच्या खोलीत कामाला लागली. वैमानिक बदलत गेले, साहेब बदलत गेले, तिचं टेबल तेच राहिलं. आता ते विमान सेवेतून निवृत्त झालं होतं. समारंभासाठी त्या जातीचं एकच विमान शेवटचं उडणार होतं, आणि ते येईपर्यंत पाहुण्यांना काहीतरी दाखवायचं म्हणून छत्रीवालीला बोलावलं होतं. लेक तिला रिक्षानं घेऊन आली होती. गुडघ्यांची तक्रार असूनही छत्रीवाली येताना ताठ बसली होती.

तिनं पहिली पाकळी, म्हणजे छत्रीच्या कापडाची एक पट्टी, उचलली, झटकली, कडेला कड जुळवली आणि सुरकुती काढत बसली. मग दुसरी. बँड थांबला. फोटोवाले वाट बघून कंटाळले. पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली, आणि पाहुण्यांच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली.

तरुण अधिकारी पुन्हा आली. वरून तिला इशारे होत होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पोरगी वाईट नव्हती. तिनं अजिजीनं सांगितलं की ही छत्री घेऊन कोणी उडणार नाही, कार्यक्रम झाला की ती काचेच्या कपाटात जाईल, तेव्हा आतली घडी कशी आहे हे कोण बघतंय.

लेकही पहिल्या रांगेतून उठून आली. "आई, कशाला अडून बसतेस? सगळे बघताहेत."

"बघू देत," छत्रीवाली म्हणाली.

मग तिनं हातातलं कापड खाली ठेवलं, त्यावर वाळूची पिशवी ठेवली, म्हणजे ते हलणार नाही, आणि त्या अधिकारी मुलीकडे वळली.

"पोरी, या विमानातून एकानं उडी मारली आणि तो गेला. फार खाली आल्यावर मारली होती, छत्री उघडायला उंचीच उरली नव्हती. पण चौकशीचा निकाल लागेपर्यंत इथली माणसं माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायची. साहेब मला म्हणाले, तू आता पडदे शिव. मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी या टेबलाशी येऊन उभी राहिले. तेव्हा त्याची आई आली. तिनं एकच विचारलं, माझ्या लेकाची छत्री नीट बांधली होती का? मला हो म्हणता आलं. आज फोटोसाठी खोटी घडी घातली, तर त्या माउलीला मी काय सांगू?"

अधिकारी बाजूला झाली. लेकीनं ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

कार्यक्रम काही कोणासाठी थांबत नाही. कोणीतरी घाईनं ध्वनिक्षेपक हातात घेऊन पुढचं जाहीर केलं. छत्रीवालीचा सत्कार राहून गेला. भाषणं झाली, त्यांत विमानाचा वेग आला, पराक्रम आला. मग ते जेट आलं. छाती हादरवणारा आवाज करत ते मैदानावरून गेलं, माना वर झाल्या, टाळ्या पडल्या. छत्रीवालीनं वर पाहिलं नाही. आवाजानं कापड फडफडलं, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी ते दाबून धरलं आणि सरकलेली पाकळी पुन्हा पहिल्यापासून लावली.

लोक चहाला पांगले. टेबलाशी लेकीशिवाय एक म्हातारा वैमानिक तेवढा उरला. कोट सैल झालेला, छातीवर पदकं. ज्यांचा जीव छत्रीमुळे वाचला ते वैमानिक पूर्वी मुद्दाम तिला भेटायला येत. हा त्यांच्यातला नव्हता. तिला त्याचा चेहरा आठवेना.

"मी तुमचे आभार कधी मानले नाहीत," तो म्हणाला. "वीस वर्षं तुमची छत्री पाठीवर बांधून विमान उडवलं. उघडायची वेळच आली नाही, म्हणून तुमची कधी आठवणही झाली नाही."

"त्याहून चांगलं काय व्हायचं," ती म्हणाली. "आता उभेच आहात तर दोऱ्या धरा. हे एकटीचं काम नाही."

त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दोऱ्या मुठीत घेतल्या.

मांडववाले आले. खुर्च्या एकावर एक चढवत, सतरंज्या गुंडाळत ते टेबलापर्यंत पोचले. त्यांतल्या एकानं टेबलाला हात घातला, तशी लेक मध्ये उभी राहिली.

"हे टेबल नाही उचलायचं. आईचं काम चाललंय."

"किती वेळ लागेल, ताई?"

"लागेल तेवढा."

तो माणूस पुढच्या खुर्च्यांकडे गेला. ऊन टेबलावर आलं होतं. म्हाताऱ्या वैमानिकाच्या मुठीतल्या दोऱ्या ढिल्या पडायला लागल्या होत्या.

"सैल सोडू नका," छत्रीवाली मान वर न करता म्हणाली.

"नाही सोडत," तो म्हणाला, आणि तिनं पुढची पाकळी उचलली.