मदतीचं बटण

मी घडवलेल्या एआय मास्तराकडे शिकणाऱ्या मुलांची अपूर्णांकांची गणितं धडाधड बरोबर येत होती. त्यावरचा माझा शोधनिबंध छापायला निघाला होता. तरी खात्री करायला मी शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसले. पुढची मुलगी गणित वाचतच नव्हती. नुसतं पडद्यावरचं मदतीचं बटण दाबत होती.

“सारखं दाबलं की तो कंटाळतो आणि उत्तर सांगून टाकतो,” तिने मला समजावलं.

मी निबंध मागे घेतला. “हातातोंडाशी आलेला घास घालवलात,” विभागप्रमुख म्हणाले. म्हणू देत. वर्षभर खपून मी मास्तराला उत्तर गिळायला आणि उलट प्रश्न विचारायला शिकवलं.

परत गेले तेव्हा ती मुलगी कपाळाला आठ्या घालून कागदावर वर्तुळाचे तुकडे पाडत होती.

“बिघडवलात त्याला,” ती म्हणाली. “आता अगदी आमच्या बाईंसारखा वागतो.”